आधी क्षालन, मग वसंत : जपानमधील ऋतुसंधीचे उत्सव

वाचकहो, ऋतू पंचांगात आधी अवतरतो आणि अंगणात मागाहून, हा सर्वच देशांचा अनुभव आहे. जपानमध्ये हे अंतर विशेषच जाणवते. तेथील परंपरागत गणनेनुसार ४ फेब्रुवारीच्या सुमारास वसंताचा आरंभ होतो. त्या दिवसाला 'रिश्शुन' असे नाव आहे. परंतु त्या दिवशी उत्तरेकडील गावांची छपरे बर्फाखाली दबलेली असतात, आणि तोक्यो-क्योतोकडील साकुराचा जगप्रसिद्ध बहर यावयास अजून दीड-दोन महिन्यांचा अवकाश असतो. फूल नाही, पालवी नाही, वाऱ्यात ऊब नाही. तरी वसंत लागला असे पंचांग सांगते. मग या मधल्या काळात तेथील माणसे करतात तरी काय?

ती झाडलोट करतात. घराची, तशीच मनाची. घरातील अरिष्ट दाणे फेकून घालवतात, मोडलेल्या सुयांचे ऋण फेडतात, अंगावरची पीडा कागदाच्या बाहुलीवर उतरवून ती बाहुली पाण्यात सोडतात. आणि नारा नगरीत तर अकरा भिक्षू साऱ्या जगाच्या वतीने चौदा दिवस अपराधांची क्षमा मागतात. पुष्पोत्सव मागाहून, आधी क्षालन, असा हा क्रम आहे. परंतु शुद्धी म्हटली की एक प्रश्न ओघानेच येतो. बाहेर कोणाला घालवायचे आणि आत कोणाला घ्यायचे? या प्रश्नाला जपानच्या धर्मपरंपरेने दिलेले उत्तर आपल्या भाविक कुटुंबांनीही जाणून घ्यावे, अशा योग्यतेचे आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. १८७३ सालापासून जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली. त्यापूर्वी तेथेही चांद्रमासांवर आधारलेले पंचांग होते. बदलानंतर अनेक सण जुन्याच आकड्यांच्या तारखांना, पण नव्या महिन्यांत, साजरे होऊ लागले. त्यामुळे 'तिसऱ्या महिन्याची तृतीया' ही आता ३ मार्च झाली असून पीच वृक्षाचा हा सण पीच फुलण्यापूर्वीच येऊन जातो.

भाजलेले दाणे आणि शिंगांचा ओनी

वसंतारंभाच्या आदल्या दिवसाला 'सेत्सुबुन' म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी 'ऋतुसंधी' असा आहे. हा दिवस बहुधा ३ फेब्रुवारीला येतो. सूर्यगतीच्या सूक्ष्म फरकामुळे २०२१ आणि २०२५ साली तो २ फेब्रुवारीला आला होता. या संध्याकाळी घरोघरी भाजलेले सोयाबीन एका चौकोनी लाकडी मापात घेतात, देवापुढे ठेवतात आणि मग दारे-खिडक्या उघडून बाहेर फेकतात. 'ओनी बाहेर, भाग्य आत' अशा अर्थाची आरोळी त्याबरोबर दिली जाते. पुष्कळ घरांत वडीलच ओनीचा मुखवटा चढवतात आणि मुले त्यांच्यावर दाण्यांचा मारा करतात. शेवटी प्रत्येकाने आपल्या वयाइतके दाणे खायचे. कोठे पुढील वर्षासाठी एक दाणा अधिक. दाराशी काटेरी पानांची डहाळी आणि भाजलेल्या तारली माशाचे डोके खोचण्याचीही जुनी चाल आहे. काट्याने आणि उग्र वासाने ओनी उंबरठ्यावरूनच परततो, अशी समजूत.

हा ओनी म्हणजे आपल्याकडील राक्षसासारखे एक रूप होय. त्याच्या मस्तकी बैलाची शिंगे आणि कमरेला व्याघ्रचर्म असते. याचे कारण मोठे मनोरंजक आहे. चिनी-जपानी दिशागणनेत ईशान्य दिशा ही वृषभ आणि व्याघ्र या दोन चिन्हांच्या मधली दिशा असून तीच 'ओनीचे द्वार' मानली जाते. आपल्या घरांत देव्हारा ज्या कोपऱ्यात मांडतात, तोच कोपरा तेथे अरिष्टाच्या प्रवेशाचा! दिशा एकच, पण दोन संस्कृतींनी तिच्यावर केलेले आरोप किती भिन्न.

दाणे भाजलेलेच का? तर फेकलेला कच्चा दाणा एखाद्या सांदीत पडून त्याला अंकुर फुटला, तर घालवलेले अरिष्ट पुन्हा उगवले असे होईल. भाजलेल्या बीजाला अंकुर फुटत नाही, हा दृष्टान्त आपल्या शास्त्रकारांनी ज्ञानाग्नीत दग्ध झालेल्या कर्माला वारंवार दिला आहे. जपानी गृहिणी तोच दृष्टान्त मुठीत घेऊन अंगणात फेकते.

या प्रथेचे मूळ चीनकडून आलेल्या राजदरबारी अरिष्टनिवारण विधीत आहे. ७०६ साली देशात साथीच्या रोगाने पुष्कळ माणसे दगावली असता असा विधी झाल्याची नोंद 'शोकु निहोंगी' या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. अर्थात ज्याला आज मुले हसत-खेळत हाकलतात, तो ओनी एके काळी खरोखरच मृत्यूचा ओनी होता.

आता मंदिरांत काय घडते ते पहा. तोक्योजवळील नारितासान शिन्शोजी हे ९४० साली स्थापन झालेले मंदिर. तेथील अधिदेवता फुदो म्योओ, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतील अचलनाथ. तेथे आजही अग्नीत समिधा अर्पण करण्याचा विधी होतो आणि त्याला 'गोमा' म्हणतात. हा आपला 'होम' शब्दच होय; चीनमार्गे जाताना त्याचा उच्चार तेवढा पालटला. सेत्सुबुनच्या दिवशी तेथे हजारो लोकांवर दाण्यांची उधळण होते. परंतु 'ओनी बाहेर' ही आरोळी मात्र तेथे दिली जात नाही. अचलनाथाच्या करुणेपुढे ओनीचेही हृदय पालटते, मग बाहेर घालवावयाचे कोणाला, असा त्यामागील विचार. तोक्योतील सेन्सोजी या कान्नोनच्या मंदिरातही हीच रीत आहे. नाराच्या दक्षिणेस योशिनो पर्वतावरील किम्पुसेन्जी मंदिर तर याही पुढे जाते. 'भाग्य आत, ओनीही आत' अशीच तेथील घोषणा आहे. देशभरातून हाकलले गेलेले ओनी त्या रात्री तेथे आश्रयास येतात आणि उपदेश ऐकून सन्मार्गाला लागतात, अशी तेथील श्रद्धा.

वाचकहो, घराने घालवलेल्याला मंदिराने थारा दिला. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा येथे हाती लागतो.

कालमानाप्रमाणे या सणालाही बाजाराचा स्पर्श झाला आहे. ओसाकाकडील, शुभ दिशेला तोंड करून भाताची अखंड गुंडाळी खाण्याची रीत गेल्या काही दशकांत दुकानदारांनी देशभर पसरवली. न खपलेले अन्न इतके वाया जाऊ लागले की, २०१९ साली जपानच्या कृषिखात्याला मागणीपुरतेच उत्पादन करा, अशी विनंती विक्रेत्यांना करावी लागली. अरिष्ट घालवण्याच्या दिवशीच अन्नाचा अपमान व्हावा, हेही एक अरिष्टच नव्हे काय?

सुईची पूजा, बाहुलीचा प्रवाह

८ फेब्रुवारीला, काही प्रांतांत ८ डिसेंबरला, 'हारी-कुयो' नावाचा एक अगदी लहानसा विधी होतो. 'हारी' म्हणजे सुई. वर्षभरात मोडलेल्या, गंजलेल्या सुया घेऊन शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया आणि शिंपी मंदिरात येतात आणि त्या सुया तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरासारख्या मऊ वडीत, किंवा कंदापासून केलेल्या मऊ लगद्यात खोचतात. आयुष्यभर जाड कापडात शिरून झिजलेल्या सुईला अखेरीस मऊ शय्या मिळावी, हा भाव. त्या दिवशी सुईकामाला विश्रांती असते. 'कुयो' हा शब्द संस्कृतातील 'पूजा' या शब्दासाठी चिनी अनुवादकांनी योजला आणि तेथून तो जपानीत आला. टोचणाऱ्या वस्तूविषयीही कृतज्ञता बाळगावी, असे ज्या समाजाला वाटते, त्याच्या मनाची घडण काही निराळीच म्हणावी लागेल.

यानंतर ३ मार्चला 'हिना मात्सुरी', बाहुल्यांचा सण. मुली असलेल्या घरांत तांबडे वस्त्र अंथरलेल्या पायऱ्यांवर राजदरबार मांडतात. सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी, खाली तीन दासी, त्याखाली पाच वादक, मग मंत्री आणि सेवक. पूर्ण मांडणी सात पायऱ्यांची. समोर तांबड्या, पांढऱ्या आणि हिरव्या थरांची शंकरपाळ्याच्या आकाराची तांदळाची वडी, गोड पांढरे तांदळाचे पेय आणि पीचची डहाळी. चैत्रगौरीची आरास ज्यांनी पाहिली आहे, त्या गृहिणींना हे दृश्य परके वाटणार नाही. सण आटोपताच बाहुल्या लगोलग आवरून ठेवतात. विलंब केला तर मुलीचे लग्न लांबते, अशी लोकसमजूत आहे.

परंतु या सुंदर बाहुल्यांचे मूळ सौंदर्यात नाही, पापक्षालनात आहे. प्राचीन काळी तिसऱ्या महिन्याच्या आरंभी कागदाची किंवा गवताची मनुष्याकृती करून ती अंगावरून फिरवीत, तिच्यावर श्वास सोडीत आणि आपले दोष, रोग व अशौच तिच्यावर उतरवून ती वाहत्या पाण्यात सोडीत. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या विदुषीने लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी' या महाकथेत, वनवासासारखे जिणे जगणारा नायक सुमाच्या समुद्रतीरावर असाच विधी करवतो. पुढे शतकांमागून शतके गेली, गवताची बाहुली रेशमी झाली, आणि मग तिला पाण्यात सोडावयास कोणाचे मन होणार? ती घरातच राहिली. वाकायामा प्रांतातील कादा येथील आवाशिमा देवस्थानात मात्र आजही ३ मार्चला बाहुल्यांनी भरलेल्या नावा समुद्रात लोटतात. आपले दुःख दुसऱ्या कोणी वाहून न्यावे, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. बाहुलीने ते वाहिले. आता ते स्वेच्छेने वाहणाऱ्या माणसांची कथा ऐका.

अकरा भिक्षूंचे चौदा दिवस

नारा ही आठव्या शतकातील जपानची राजधानी. तेथील तोदाइजी मंदिरात सम्राट शोमू याने वैरोचन बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती घडवविली. ७५२ साली तिचा नेत्रोन्मीलन विधी झाला, आणि तो विधी ज्याच्या हस्ते झाला, तो पुरुष भारतीय होता! बोधिसेन त्याचे नाव. परंपरेनुसार तो दक्षिण भारतातील, भारद्वाज गोत्री ब्राह्मणकुळात जन्मलेला. चीनमार्गे ७३६ साली तो नानिवा बंदरी उतरला. जपानी इतिहासात त्याला 'ब्राह्मण आचार्य' म्हणूनच ओळखतात. मूर्तीच्या नेत्रांत प्राण ओतणाऱ्या त्याच्या लेखणीला लांब दोर बांधले होते, आणि जमलेल्या लोकांनी ते दोर हाती धरून त्या पुण्यकर्मात भाग घेतला. ती लेखणी आणि तो दोर आजही नारा येथील शोसोइन या राजभांडारात जतन केलेले आहेत.

त्याच वर्षी, या विधीच्या दोनच महिने आधी, त्याच मंदिराच्या आवारात आणखी एका व्रताचा आरंभ झाला. 'शुनिए' असे त्याचे नाव. म्हणजे दुसऱ्या मासाचे अनुष्ठान. लोक त्याला 'ओमिझुतोरी', तीर्थजल काढण्याचा उत्सव, म्हणतात. टेकडीवरील 'निगात्सुदो', म्हणजे द्वितीय मासाचे मंदिर, हे त्याचे स्थान. आता ते १ ते १४ मार्च या काळात होते. अधिदेवता एकादशमुख अवलोकितेश्वर. गाभाऱ्यातील मूर्ती इतकी गुप्त की अनुष्ठान करणारे भिक्षूही तिचे दर्शन घेत नाहीत.

याच्या उत्पत्तीची कथा अशी सांगतात. जित्चू नावाचा एक भिक्षू कासागी पर्वतावर साधना करीत असता एका गुहेतून थेट तुषित नामक देवलोकात जाऊन पोहोचला. तेथे देवगण एकादशमुख अवलोकितेश्वरापुढे आपल्या अपराधांची क्षमा मागत होते. ते पाहून त्याचे अंतःकरण द्रवले. देवांनाही क्षमा मागावी लागते, तर मनुष्याची काय कथा? हा विधी पृथ्वीवर नेण्याची अनुज्ञा त्याने मागितली. उत्तर मिळाले, 'येथील एक अहोरात्र म्हणजे मानवांची चारशे वर्षे. तुम्हा अल्पायुषी जीवांना हे जमणार कसे?' जित्चू उत्तरला, 'आम्ही धावत करू!' त्या वचनाची आठवण म्हणून या अनुष्ठानातील काही रात्री भिक्षू वेदीभोवती खरोखरच धावत प्रदक्षिणा घालतात. लाकडी पादुकांचा आवाज वाढत जातो, मग पादुका काढून अनवाणी धाव सुरू होते. देवांचा काळ अफाट आहे, माणसाचा तोकडा. ती उणीव माणसाने वेगाने, म्हणजे तळमळीने भरून काढावयाची.

अकरा भिक्षूंची निवड आदल्या १६ डिसेंबरला, मंदिराचे आद्य आचार्य रोबेन यांच्या पुण्यतिथीस, घोषित होते. २० फेब्रुवारीपासून ते वेगळे राहू लागतात. या काळाला 'बेक्का' म्हणजे 'वेगळा अग्नी' म्हणतात. सामान्य व्यवहारातील अग्नीवर शिजलेले अन्न नाही, त्या अग्नीची ऊबही नाही. सोवळे म्हणजे काय हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ उकलून सांगावयास नको. हाताने तयार केलेल्या जाड कागदाची वस्त्रे ते अंगावर घालतात. देवापुढे वाहावयाची कॅमेलियाची तांबडी-पांढरी फुलेही कागदाचीच, आणि तीही स्वतः भिक्षूंनी केलेली. अनुष्ठान सुरू झाल्यावर मध्यान्हीचे एकच भोजन. त्यानंतर रात्रीचा विधी आटोपेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. त्या एका भोजनातूनही पक्ष्यांसाठी घास काढून तो विहिरीवरील मंडपाच्या छपरावर टाकतात.

रोज सहा वेळा पूजा. हिचे शास्त्रीय नाव 'एकादशमुख-केका'. 'केका' म्हणजे आपल्या बौद्ध संस्कृत ग्रंथांतील पापदेशना, दोषांची उघड कबुली. लोभ, क्रोध आणि मोह यांमुळे घडलेले सर्व जीवांचे दोष हे भिक्षू आपल्या शिरावर घेतात. 'त्यांचे' दोष असे म्हणत नाहीत. 'आमचे' असे म्हणतात. लाकडी फळीवर गुडघा आपटून देह झोकून देण्याचा एक विधी आहे. त्या आघाताचा आवाज बाहेर अंधारात बसलेल्या भाविकांना ऐकू येतो.

आणि मग नामघोष! 'नामु कान्जिझाइ बोसात्सु' असे देवाचे पूर्ण नाव आरंभी संथ लयीत घेतात. 'नामु' म्हणजे आपले 'नमो', 'कान्जिझाइ' म्हणजे अवलोकितेश्वर, 'बोसात्सु' म्हणजे बोधिसत्त्व. लय वाढते तसे शेवटचे पद गळते. 'नामु कान्जिझाइ' उरते. लय आणखी वाढते आणि केवळ 'नामु कान, नामु कान' एवढेच उरते. नामाचा विस्तार सरत जातो आणि आर्तता तेवढी शिल्लक राहते. नामसप्ताहात पहाटेच्या प्रहरी टाळ-मृदंगाची लय शिगेला पोहोचते, तेव्हा शब्दांचे काय होते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना नाराच्या त्या रात्रीचे मर्म सहज कळेल. याच देवाचे दुसरे नाव 'कान्नोन', जगाचा टाहो जाणणारा. मराठीतील 'कान' आणि जपानीतील 'कान' यांत केवळ ध्वनिसाम्य आहे, व्युत्पत्तीचा संबंध नाही. परंतु ऐकणाऱ्या देवाला 'कान' म्हणून हाक मारावी, हा योगायोग गोड आहे खरा.

रात्री भिक्षू जिना चढून मंदिरात जातात, तेव्हा त्यांच्या वाटेवर प्रकाश पडावा म्हणून सेवक मोठमोठ्या मशाली घेऊन येतात. १२ मार्चच्या मशाली सर्वांत मोठ्या, सुमारे आठ मीटर लांबीच्या आणि साठ-सत्तर किलो वजनाच्या. मंदिराच्या उंच सज्जावरून त्या फिरवल्या की ठिणग्यांचा पाऊस खाली जमलेल्यांवर पडतो. तो अंगावर घेणे भाग्याचे मानतात आणि जळक्या काटक्या प्रसाद म्हणून घरी नेतात. त्याच रात्री, दीडच्या सुमारास, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या विहिरीतून तीर्थ काढून देवाला अर्पण करतात. या विहिरीची कथा अशी. जित्चूने देशातील सर्व देवांना नावे घेऊन पाचारण केले. वाकासा प्रांताचा ओन्यू देव मासे धरण्यात रमल्याने उशिरा पोहोचला. खजील होऊन त्याने तीर्थजल देण्याचे वचन दिले. तोच खडकातून एक काळा आणि एक पांढरा असे दोन पाणकावळे उसळून बाहेर आले आणि त्यामागून गोड पाणी. आजही २ मार्चला वाकासाच्या ओबामा गावी जिंगूजी मंदिराकडून नदीत तीर्थ सोडतात. ते भूमीखालून दहा दिवसांनी नाराला पोहोचते, अशी श्रद्धा आहे.

निळ्या वस्त्रातील स्त्री

आता या आख्यानाचा गाभा. ५ आणि १२ मार्चच्या रात्री एक भिक्षू दिवंगतांची नामावली वाचतो. सम्राट शोमूपासून तिचा आरंभ. सम्राज्ञी, आचार्य, मूर्तीसाठी द्रव्य देणारे, श्रम देणारे, पुढे मंदिराच्या जीर्णोद्धाराला हातभार लावणारा योद्धा मिनामोतो नो योरितोमो, अशी शतकानुशतकांची नावे त्यात आहेत. तेराव्या शतकाच्या आरंभी एका वर्षी हे वाचन चालू असता निळ्या वस्त्रातील एक स्त्री भिक्षूपुढे प्रकट झाली आणि तिने विचारले, माझे नाव का वाचले नाहीस? ती कोण, कोठली, कोणाची, भिक्षूला काहीच ठाऊक नव्हते. नामावलीत ती नव्हती. क्षणभर थबकून त्याने तिच्या वस्त्राकडे पाहिले आणि हळूच वाचले, 'निळ्या वस्त्रातील स्त्री'. ती तृप्त होऊन अंतर्धान पावली.

तेव्हापासून आजतागायत, योरितोमोच्या नावानंतर थोड्याच अंतराने, वाचणारा भिक्षू आवाज खाली आणतो आणि ते बिननावाचे नाव हलकेच उच्चारतो. सम्राटांच्या पंक्तीत ती अनामिका बसली आहे. लक्षात घ्या, या अनुष्ठानाच्या वेळी स्त्रियांना मंदिराच्या अंतर्भागात प्रवेश नाही. जाळीपलीकडच्या दालनांतून त्या श्रवण करतात. अशा ठिकाणी एका स्त्रीने जाब विचारला, आणि सुमारे आठशे वर्षे तिचे मागणे मान्य होत आले आहे. ती कोण होती याचा शोध घेण्याचे कारण नाही. ज्या कोणाचे नाव कोणत्याही यादीत आले नाही, त्या साऱ्यांची ती प्रतिनिधी. 'ओनीही आत' म्हणणाऱ्या योशिनोच्या मंदिरापासून सुरू झालेला धागा येथे येऊन पूर्ण होतो. शुद्धी तीच, जीत कोणी सुटत नाही.

खंड न पडू देण्याचे मोल

७५२ पासून हे व्रत एकाही वर्षी खंडित झालेले नाही. त्यामुळे २०२१ साली ते १२७० व्या वेळी पार पडले. ही गणती सोपी वाटते, पण तिच्यामागे काय आहे ते पहा. ११८० च्या युद्धात ताइरा सैन्याने लावलेल्या आगीत महामूर्तीचे मंदिर भस्मसात झाले. त्या राखेतही काही भिक्षूंनी आग्रह धरून अनुष्ठान चालू ठेवले. १६६७ साली ऐन अनुष्ठानातच निगात्सुदो जळाले. उरलेले विधी शेजारच्या मंदिरात पुरे केले. १६६९ साली पुन्हा उभारलेली वास्तू आज राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहे. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानवर भूकंप आणि त्सुनामीचा प्रलय कोसळला, तो दिवस या चौदा दिवसांपैकीच होता. २०२१ साली महामारीत भिक्षू आधीपासून विलगीकरणात राहिले, भाविकांच्या उपस्थितीवर कडक मर्यादा आल्या. पण नामघोष थांबला नाही.

सर्वच व्रतांचे असे भाग्य नसते. इवाते प्रांतातील कोकुसेकीजी मंदिराचा 'सोमिनसाइ' हा हजार वर्षांहून जुना मानला जाणारा उत्सव. जुन्या नववर्षाच्या सप्तमीला कडाक्याच्या थंडीत लंगोटी नेसलेले पुरुष नदीत स्नान करून ताइतांची थैली मिळवण्यासाठी रात्रभर झुंजत. त्याच्या मुळाशी आतिथ्याची कथा आहे. वाटसरूच्या वेषात आलेल्या देवाला धनवान भावाने हाकलले. दरिद्री सोमिनने आसरा दिला, म्हणून त्याचे वंशज रोगराईपासून सुरक्षित राहिले. हा उत्सव फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचा झाला. युद्धाने नव्हे, आगीने नव्हे. तर पूर्वतयारी करणारी माणसे वृद्ध झाली आणि मागे कोणी उरले नाही म्हणून. परंपरा मोडावयास शत्रूच लागतो असे नाही. पुढची पिढी अंगणात नसली तरी पुरते.

म्हणूनच नाराचा एक छोटासा विधी आवर्जून सांगावासा वाटतो. शेवटच्या तीन रात्री मंदिराच्या आत भिक्षू देवगणांचे वेष धारण करून पेटत्या मशालीसह अग्निनृत्य करतात. त्यांच्या मस्तकावरील ते भरजरी मुकुट १५ मार्चला लहान मुलांच्या डोक्यावर क्षणभर ठेवतात. मूल निरोगी राहावे, हा आशीर्वाद. बाळ कधी हसते, कधी घाबरून रडते. पण शतकांचा भार त्या चिमुकल्या मस्तकाला एकदा स्पर्श करून जातो.

पैलतीराचे सात दिवस

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी 'हिगान' सुरू होते. वसंतसंपाताचा दिवस, तीन दिवस आधी आणि तीन दिवस नंतर, असे हे सप्तक. 'हिगान' म्हणजे पैलतीर. 'पारमिता' या शब्दातील 'पार' तो हाच. ८०६ साली, अन्यायाने मरण आलेल्या राजपुत्र सावारा याच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून वसंतात आणि शरदात सात-सात दिवस 'वज्रच्छेदिका' सूत्राचे पठण करण्याची आज्ञा निघाली; हिगानचे हे जुने मूळ होय. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही आत घ्यावयाचे, ही बुद्धी येथेही दिसते.

या दिवसांत कुटुंबे पूर्वजांच्या समाधीवर जातात, दगड धुतात, फुले आणि उदबत्ती वाहतात आणि गोड वाटल्या कडधान्यात लपेटलेले भाताचे लाडू नैवेद्याला ठेवतात. संपाताच्या दिवशी सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो, आणि अमिताभ बुद्धाचा लोकही पश्चिमेलाच. ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिराच्या पश्चिमद्वारातून मावळत्या सूर्याचे ध्यान करावयास त्या सायंकाळी लोक जमतात. १९४८ च्या कायद्याने संपाताचा दिवस राष्ट्रीय सुट्टीचा ठरला, तो निसर्गाचा गौरव आणि जीवमात्राविषयी जिव्हाळा या हेतूने.

समाधीचा दगड धुताना घरातील वडीलधारी मंडळी मुलांना एकेक नाव सांगतात. हे तुझे पणजोबा, ही त्यांची धाकटी बहीण, लहानपणीच गेलेली. नारात भिक्षू जे रात्री करतो, तेच प्रत्येक घर दिवसा करते. मग थंडी ओसरते, आणि आठवड्या-दीड आठवड्यात तोक्यो-क्योतोकडे साकुराची पहिली कळी उमलते. तोवर घर झाडून झालेले असते, क्षमा मागून झालेली असते आणि गेलेल्यांची नावेही घेऊन झालेली असतात.

वाचकहो, आपल्या घरीही सणाच्या तयारीत झाडलोट होते, पितरांचे स्मरण होते. या वेळी नावे घेताना क्षणभर थांबावे. कोणाचे नाव सुटत तर नाही ना? एखादी आत्या, एखादी बालविधवा, घरात राबून गेलेली एखादी बाई, जिचे नाव वंशावळीत कोणी लिहिले नाही. नाव आठवत नसेल, तर तिच्या लुगड्याचा रंग तरी आठवावा, आणि तेवढाच उच्चारून पाण्याची एक ओंजळ तिच्यासाठी सोडावी.